भाकरीबरोबर मासळीही



पाच हजारांना जेवू घालताना प्रभू येशूने नुसती भाकर वाटली नाही, मासळीही वाटली. योहान सांगतो, ज्याला हवी तेवढी.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब कुटुंबाला रेशनवर माणशी महिना 5 किलो धान्य मिळते, 2023 पासून मोफत. चूल पेटते, हे थोडे नव्हे. पण तांदूळ-गव्हाने पोट भरते. अंगात रक्त भरायला डाळ, अंडी, भाजी लागते. आपल्या पालघरच्या पाड्यांवर गरोदर आणि बाळंत बायांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना 2015 साली निघाली ती याचसाठी.

मग आपल्या धर्मग्रामाच्या मदतीच्या पिशवीत पुन्हा तांदूळच कशाला? येत्या रविवारी तूरडाळ, शेंगदाणे, सुकट आणू या. अंडी मात्र पेटीत नकोत, मिस्सानंतर हातात द्यावीत.