मागे राहणाऱ्यांचा हिशेब

मुंबईत गिरगावातली किंवा लालबागमधली पागडीची खोली बँक गहाण ठेवून घेत नाही. तीन पिढ्या तिथे नांदल्या तरी भाडेकरू मालक ठरत नाही. मुलाला परदेशी शिकायला पाठवायचे ठरले, की अशा घराला तारणाशिवायचे कर्ज शोधावे लागते आणि त्याचा व्याजदर चढा असतो. तेवढ्यानेही भागत नाही. मग वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड निघतो, आईच्या बांगड्या सोनाराकडे जातात, गावची जमीन विकायची बोलणी सुरू होतात. कर्जाच्या कागदावर आईवडील सहकर्जदार म्हणून सही करतात. शिकायला एक जण जातो, पण फेडीला सगळे घर बांधले जाते.

या घराची संमती खरी असते का, हा माझा आजचा प्रश्न आहे. मुलाच्या आड येणारे आईवडील म्हणून कोणाला नाव नको असते. त्यामुळे ‘झेपणार नाही’ हे शब्द ओठांवर येऊनही परत जातात. तिकडे पोहोचलेला मुलगा एक वेळचे जेवण टाळतो आणि फोनवर सगळे छान चालल्याचे सांगतो. इकडे वडील निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी धरतात आणि घरात करमत नाही म्हणून जातो, असे त्याला सांगतात. दोघेही प्रेमापोटी लपवतात. पण लपवलेल्या ओझ्यात दुसऱ्याला हात देता येत नाही, आणि हेच या शिक्षणाचे सगळ्यांत महाग मोल आहे.

परळच्या बीआयटी चाळीत शंभर वर्षांपूर्वी परदेशी शिक्षणाचे मोल एका घराने मोजले. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांची दरमहा ११.५० पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर १० वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार करून. पुढे ते लंडनला गेले, पण तिथले शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. ते पुरे करण्यासाठी त्यांनी सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. मागे चाळीतल्या दोन खोल्यांचा संसार पत्नी रमाबाईंनी ओढला. पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते. त्या पदव्यांसाठी परळमध्ये कोणी किती सोसले, हे आपण फार कमी वेळा विचारतो.

त्यात रुपया घसरला. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला २ शिलिंगांहून अधिक मिळत होते. १९२१ उजाडेपर्यंत दीड शिलिंगही मिळेना. भारतातून पैसे मागवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची फी काही न करता वाढली. ‘रुपयाचा प्रश्न’ हाच बाबासाहेबांच्या लंडनमधल्या प्रबंधाचा विषय होता, आणि त्याच काळात तो प्रश्न त्यांच्यासारख्यांच्या खिशालाही भिडलेला होता. १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंडांचे कर्ज मागितले: कायद्याच्या शिक्षणाची फी आणि परतीचे भाडे यांसाठी, परत आल्यावर फेडण्याच्या बोलीवर. रमाबाईंना लिहिलेल्या पत्रांतही त्यांनी पैशाची ओढाताण दडवली नाही. एवढा स्वाभिमानी माणूस, पण अडचण कळवण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. मला त्यांच्या विद्वत्तेइतकाच हा मोकळेपणा मोठा वाटतो.

आजचे आकडे मोकळेपणाने मांडू. वर्षाची फी ३०,००० डॉलर असेल, तर ७५ रुपयांच्या डॉलरला ती साडेबावीस लाख होते आणि ९० च्या डॉलरला २७ लाख. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ च्या आसपास होता, २०२५ च्या डिसेंबरात त्याने नव्वदी ओलांडली. ४० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पूर्ण उचलले, तर वर्षाचे व्याज ४ लाख ४० हजार होते. शिक्षण चालू असताना बहुधा पूर्ण हप्ता नसतो म्हणून ते दिसत नाही, पण चढत राहते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, तरी व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवावे लागतात. ब्रिटनसाठी फीची आणि राहण्याची रक्कम २८ दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते. ती दाखवण्यापुरती उसनी आणली, तर पोहोचल्यावर जगायचे कशावर?

हे सगळे पहिला अर्ज भरण्याआधी घरातल्या प्रत्येकासमोर लिहून ठेवावे. ज्या बहिणीचे शिक्षण अजून व्हायचे आहे, तिलाही त्या बैठकीत जागा हवी. आईच्या दागिन्यांत आणि गावच्या जमिनीत तिचाही वाटा आहे. तिला न विचारता तो भावाच्या पदवीवर लावणे हा अन्याय आहे, तो कितीही कौतुकाने केला तरी. आणि जाणाऱ्यालाही एक शब्द आधीच दिला पाहिजे: नोकरी मिळाली नाही, तब्येत ढासळली, तर परत ये, दार उघडे आहे आणि कर्जाचे आपण मिळून बघू. हा शब्द मिळाला नाही, तर अपयश सांगण्यापेक्षा मुले एकाकी सोसत राहतात.

फेडीचाही एक चांगला मार्ग याच शहराने दाखवला आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी उभारला, तो दानाऐवजी कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या रूपात. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. एकाने फेडलेल्या पैशातून दुसऱ्याने शिकावे, अशी त्यामागची रीत. फेड म्हणजे मुलाला सतत ऐकवले जाणारे आईवडिलांचे उपकार नव्हेत; आपल्यानंतर येणाऱ्याची सोय लावणे ही खरी फेड. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, ते याच वृत्तीने.

परदेशी शिकायला जरूर जावे. परळच्या दोन खोल्यांतला माणूस गेला नसता, तर आपला देश वेगळा घडला असता. पण निघताना आपल्या शिक्षणासाठी कोणी काय सोडले, हे प्रत्येकाला नावानिशी ठाऊक असावे. घरच्यांनीही ते लपवू नये आणि पुढे कधी त्याचा दाखला देऊन मुलाला बांधू नये. या दोन्ही गोष्टी पाळणारे घर कर्जात असले, तरी एकमेकांशी प्रामाणिक राहते.