९५ वर्षांची जागा

थोरला म्हणतो दुबईत घर घेऊ, धाकट्याला श्टुटगार्ट हवं. शेडमध्ये कूलंटच्या वासात, व्हर्नियरनं कास्टिंगचा बोअर मोजत मी दोघांचंही फोनवर ऐकून घेतो. हिशोब पाठ झालाय. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेऊ देते. दुबईत २००२ पासून परदेशी माणसाला ठरावीक भागांत मालकीचं घर मिळतं. २० लाख दिरहमचं घेतलं तर १० वर्षांचा व्हिसाही. जर्मनीत घर कुणीही घ्यावं, पण त्यावर राहायचा परवाना मिळत नाही.

माझं घोडं अडलंय ते संकल्पावर. वास्तुशांतीला भटजी द्वीप, खंड सांगत गोदावरीच्या दक्षिण तीरावर येतात आणि मग माझं नाव घेतात. म्हणजे देवापुढं पत्ता आधी, माणूस मागनं. दुबईत कुठला तीर सांगायचा? भटजींना विचारलं, तर म्हणाले, "अहो, खाडी आहे की तिथं!" हसलो, पण पटलं नाही.

रात्री प्लॉटची फाईल काढली. ही कागलची जागा तरी कुठं माझी? एमआयडीसीचा भाडेपट्टा, ९५ वर्षांचा. आयुष्यभर जिला 'माझी जागा' म्हणालो, तिथंही मी भाडेकरूच. मग परक्या मुलखात मालक होऊन नेमकं काय मिळवायचंय?

शेडच्या मागं, कंपाउंडला लागून म्हसोबाचा दगड आहे. त्याचा सातबारा कुणी बघितला नाही. अमावस्येला कोण येतं ठाऊक नाही. सकाळी गेलो तर नारळाची शकलं पडलेली, शेंदूर अजून ओला.