अनवाणी धावणारे आणि दोराबजी

दोराबजी टाटा म्हटलं की आपल्याला पोलाद आठवतं. जमशेटजी १९०४ मध्ये गेले तेव्हा कारखाना कागदावरच होता. तो उभा करण्यात मुलाची उमेदीची वर्षं गेली आणि १९१२ मध्ये साकचीला पोलाद निघालं. एका आयुष्याला एवढं पुरेसं होतं. पण साठीला टेकलेला हा कारखानदार खेळाच्या कारभारात शिरला, आणि मला त्यांच्या कारकिर्दीतला तोच भाग अधिक विचार करायला लावतो.

१९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने धावण्याच्या शर्यती घेतल्या. दोराबजी जिमखान्याचे अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बहुतेक दख्खनच्या खेड्यांतले शेतकरी होते. पायात काही नाही, शिकवणारं कुणी नाही. बघणाऱ्यांना त्यांचं कौतुक वाटलंच असेल. पण केंब्रिजमध्ये शिकलेल्या, तिथे मैदान गाजवलेल्या दोराबजींनी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहिल्या. फार अंतर नव्हतं. कौतुक आणि मोजमाप यांत हाच फरक आहे. मोजमापाची ही सवय त्यांना कारखान्यानेच लावली असावी, असं मला वाटतं.

आमच्या जिंतुरात येलदरीच्या रस्त्याला पहाटे भरतीची पोरं पळतात. पोलीस भरतीला १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुणांचं ‘ग्राउंड’. मोबाइलवर वेळ लावायची, कुणाचं किती निघालं ते एकमेकांना विचारायचं आणि अभ्यासिकेत जाऊन बसायचं. त्यांतल्या एखाद्याची वेळ राज्याच्या ॲथलेटिक्स स्पर्धेत उभं राहण्याजोगी आहे का, हे त्याला सांगणारं कुणी नसतं. भरती झाली की पळणं सुटतं. नाही झाली तर वय निघून गेल्यावर सुटतं.

तालुक्यातल्या अशाच एका शर्यतीच्या समितीवर मीही बसलो आहे. वर्गणी अडत्यांनी आणि कृषी केंद्रवाल्यांनी मोकळ्या हाताने दिली; पैशाची अडचण कधी आली नाही. सभा रंगायची ती बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावर. धावणाऱ्यांच्या वेळा वहीत नोंदवायचा विषय निघाला तेव्हा एक सदस्य म्हणाले, “सर, आधी मंडपाचं बघा.” त्यांचंही चूक नव्हतं, ऊन खरंच होतं.

दोराबजींनी पुढे केलेलं काम तसं रुक्षच. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यामार्फत त्यांनी भारताला ऑलिंपिकमध्ये जागा मिळवली, पैसे उभे केले, स्वतःचे घातले. १९२०च्या अँटवर्पला सहा खेळाडू गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. वेळ दोन तास ५० मिनिटांच्या आसपास. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे, पदकाच्या तोंडाशी येऊन थांबले. सदाशिव दातारांना मॅरेथॉन पुरी करता आली नाही. पदक एकही नाही. नफातोट्याच्या हिशेबाने पाहणारा माणूस इथेच खातं बंद करता.

त्यांनी केलं नाही. १९२४ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीत पगाराला पैसा उरला नव्हता. दोराबजींनी स्वतःची मालमत्ता आणि पत्नी मेहरबाईंचा ज्युबिली हिरा गहाण टाकून कर्ज उचललं. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकला भारताचा संघ गेला, आणि या वेळी निवड एका शहराच्या मैदानावर न होता प्रांतोप्रांतीच्या स्पर्धांमधून दिल्लीत झाली. मला यातली ही दुसरी गोष्ट मोठी वाटते. हेरणारा डोळा कितीही चांगला असला तरी तो एकाच माणसाचा असतो. दोराबजी पुण्यात होते म्हणून पुण्यात पळणारे दिसले. जिंतुरात तेव्हा कुणी पळत असेल तर ते पाहायला कोण होतं? शिवाय आम्ही निजामाच्या राज्यात.

१९२७ मध्ये इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. मद्रासच्या वायएमसीएचे डॉ. नोरेन सचिव होते. देशभर फिरून खेळाच्या संघटना बांधण्याचं श्रेय त्यांनाही द्यायला हवं, ते आपण सहसा देत नाही. दुसऱ्याच वर्षी दोराबजींनी पद सोडलं आणि पतियाळाचे महाराज त्या खुर्चीवर बसले, ते दहा वर्षं. खेळाच्या संघटनांचं अध्यक्षपद आपल्याकडे मानाचं पान होण्याची सुरुवात तिथून झाली, असं माझं मत आहे. कुणाला ते पटणार नाही.

१९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला हॉकीचं सुवर्णपदक आलं. त्या संघातले खेळाडू दोराबजींनी हेरलेले नव्हते, आणि तशी गरजही उरली नव्हती.