रविवारची प्रीती, सोमवारची आज्ञा

आजचा शास्त्रभाग : योहान 14:15-31



रविवारी उपासनेत हात वर करून 'प्रभू, माझी तुझ्यावर प्रीती आहे' असं गाणं तसं सोपं असतं. गिटार वाजत असते, आजूबाजूला सगळे गात असतात, डोळे भरून येतात. ती प्रीती खोटी नसते. पण मग सोमवार येतो. लोकलमध्ये चेंगरून ऑफिसला पोहोचावं, तर वरिष्ठ सांगतात, "या कागदावर मागची तारीख टाक, काही होत नाही." घरी भावाशी तीन आठवडे अबोला असतो. मोबाईलमध्ये एक चॅट असतं, जे कोणी पाहू नये असं वाटतं. तिथे ही प्रीती दिसते कशी?

येशूने याचं उत्तर एका वाक्यात दिलं : ज्याची माझ्यावर प्रीती आहे, तो माझ्या आज्ञा पाळील.

खरं सांगायचं तर हे वचन ऐकून आपल्यापैकी अनेकांना धडकीच भरते. लहानपणापासून 'चांगले मार्क मिळाले तर लाड, नाही मिळाले तर अबोला' असंच प्रेम ज्यांनी पाहिलंय, त्यांना इथेही अटच ऐकू येते : आज्ञा पाळ, मग देव प्रेम करील. म्हणून हे शब्द कधी आणि कोणाला सांगितले गेले, ते आधी बघू या.

ती येशूच्या अटकेची रात्र होती. त्याने नुकतेच शिष्यांचे पाय धुतले होते. त्यात यहूदाचेही पाय होते. पेत्र छाती ठोकून म्हणाला होता की, तुझ्यासाठी मी जीवही देईन. त्यावर येशूने त्याला सांगितलं, कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. योहानाचा 13 वा अध्याय या वाक्यावर संपतो. आणि 14 वा अध्याय सुरू होतो तो धीर देऊन : घाबरू नका, माझ्या पित्याच्या घरी तुमच्यासाठी जागा आहे. आज्ञा पाळण्याचं बोलणं येतं ते त्यानंतर, पंधराव्या वचनात.

हा क्रम लक्षात घ्या. आधी धुतलेले पाय, मग घरातली जागा, मग आज्ञा. काही तासांतच हे सगळे पळून जाणार, हे माहीत असूनही येशू त्यांच्याशी हे बोलतोय. प्रेम आधीच दिलेलं आहे. आज्ञापालनाने ते विकत घ्यायचं नाहीये, त्या प्रेमाला आपण प्रतिसाद देतोय.

इथे 'पाळणे' यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ जपणे, राखणे असाही होतो. योहानाच्या शुभवर्तमानात हाच शब्द काना गावच्या लग्नातही येतो. भोजनकारभारी वराला म्हणतो, चांगला द्राक्षारस तू आतापर्यंत राखून ठेवलास! आणि 17 व्या अध्यायात येशू पित्याला सांगतो की, तू दिलेल्यांना मी राखलं, तिथेही तोच शब्द आहे. म्हणजे आज्ञा पाळणं हे सिग्नलला पोलीस दिसला म्हणून गाडी थांबवण्यासारखं नाही. आजीने दिलेली वस्तू आपण कपाटात मऊ कापडात गुंडाळून ठेवतो ना, तसं प्रभूचं वचन जपायचं. का? तर ते देणाऱ्यावर जीव आहे म्हणून.

"पण मला जमत नाही हो! ठरवतो आणि पुन्हा तिथेच पडतो." असं कोणी म्हणत असेल, तर पुढचंच वचन वाचा. सोळाव्या वचनात येशू म्हणतो की, मी पित्याला विनंती करीन आणि तो तुम्हांला दुसरा कैवारी देईल, जो सदासर्वकाळ तुमच्याबरोबर राहील. आज्ञा आणि पवित्र आत्म्याचं वचन एकमेकांना लागून आहेत. येशूने ओझं देऊन पाठ फिरवली नाही.

आणि अध्यायाच्या शेवटी, 31 व्या वचनात, तो स्वतःबद्दल बोलतो. माझी पित्यावर प्रीती आहे हे जगाला कळावं म्हणून पित्याने आज्ञा दिली तसंच मी करतो, असं सांगून तो शिष्यांना म्हणतो : उठा, इथून निघू या. निघून कुठे जायचं होतं? किद्रोन ओहोळापलीकडच्या बागेत, जिथे यहूदा शिपायांना घेऊन येणार होता. येशूची पित्यावरची प्रीती त्या रात्री त्याच्या पावलांत उतरली.

पेत्राचं पुढे काय झालं, ते आपल्याला ठाऊक आहे. कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असताना त्याने प्रभूला नाकारलं. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी पुन्हा कोळशाचा विस्तव होता, त्यावर मासळी होती, आणि येशू त्याला तीनदा विचारत होता : तुझी माझ्यावर प्रीती आहे का? प्रत्येक 'होय'नंतर येशूने त्याच्या हाती काम दिलं : माझी कोकरं चार, मेंढरं पाळ. आपल्या मराठीत आज्ञाही 'पाळायची' असते आणि मेंढरंही! ज्याची प्रभूवर प्रीती आहे, त्याच्या हाती प्रभू आपली माणसं सोपवतो.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे दिसतं. ज्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले, त्या रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. पुढे साध्या बायकांनाही समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून भाषांतर केलं. ते काम त्या 1922 साली मरण पावेपर्यंत चाललं. त्यांची प्रीती कोणाला मोजायची असती, तर आधी त्या मुलींची ताटं मोजावी लागली असती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. येशू म्हणतो, 'माझ्या' आज्ञा. 'देवाची आज्ञा आहे' असं म्हणून कोणी तुम्हांला गप्प बसवत असेल, मारहाण सहन करायला सांगत असेल, पैसे उकळत असेल, तर त्याचं ऐकणं म्हणजे येशूवरची प्रीती नव्हे. हाच पेत्र पुढे धर्मसभेसमोर उभा राहून म्हणाला की, माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे (प्रेषितांची कृत्ये 5:29). तेव्हा कोणी काही सांगितलं, तर ते येशूच्या शब्दांशी ताडून बघा.

मग आज काय करायचं? सगळ्या आज्ञांची यादी काढू नका. एकच घ्या. मत्तय 5:23-24 मध्ये येशू सांगतो की, अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे वाचताना तुम्हांला कोणाचं तरी नाव आठवलं असेल. आज रात्री उपासनेची गाणी लावण्याआधी त्या व्यक्तीला फोन करा. मेसेज नको, फोनच. पहिलं वाक्य जड जाईल. 'हॅलो, कसा आहेस?' एवढंही पुरे. त्याने फोन उचललाच नाही, तर उद्या पुन्हा करा. समोरच्याने काय करावं, हे आपल्या हातात नाही. आपण उठून निघावं, एवढंच प्रभू मागतो.

प्रार्थना : हे प्रभू येशू, मी तुझ्यावर प्रीती केली त्याआधी तू माझे पाय धुतलेस. माझे शब्द पुष्कळ आणि पावलं थोडी आहेत, हे तुला ठाऊक आहे. तुझं वचन जपायला मला शिकव. ज्या एका गोष्टीत मी चालढकल करतोय, तिथे तुझ्या पवित्र आत्म्याने मला आजच उठव. आणि मी पडलो, तर पेत्रासारखं पुन्हा तुझ्याजवळ बोलव. तुझ्याच नावात मागतो, आमेन.