शाबासकी आणि फी

बारावीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. सोलापूरहून आतेबहिणीचा फोन आला. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात तिला कॉम्प्युटरला प्रवेश मिळतोय. फी वर्षाला साडेचार लाख, हॉस्टेल वेगळं. माहितीपत्रकावर ठळक छापलंय, 'गुणवत्ता शिष्यवृत्ती, शंभर टक्क्यांपर्यंत'. "दादा, चान्स किती आहे ते काढून सांग की."

सेलच्या पाटीवर जो 'पर्यंत' असतो, तोच हा. खरी अट आत बारीक अक्षरात होती. दर सेमिस्टरला पॉइंटर ठरावीक आकड्याच्या वर हवा, एकदा घसरला की सवलत बंद. समजा, तो आकडा गाठण्याची शक्यता दर वेळी 90 टक्के आहे. आठ सेमिस्टर म्हणजे मधले सात निकाल पार करायचे. 0.9 ला सात वेळा गुणलं की उरतात 48 टक्के. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली, तरी ती शेवटपर्यंत टिकेल की नाही हे नाणं उडवण्यासारखंच. (एकदा जमलेल्याला पुन्हा जमतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा बरा असेल. पण आत्या कर्ज काढायच्या विचारात आहे, तिला वाईट आकडाच सांगायला हवा.)

गणित झालं. मी अडकलो ते पुढे.

विद्यापीठ हुशार मुलांची फी माफ करतं, त्यांच्या निकालांवर आणि नोकऱ्यांवर पुढच्या वर्षी पूर्ण फी भरणारे येतात. धंदा म्हणून यात गैर काही नाही. पण आपण त्याला शिष्यवृत्ती म्हणतो. वृत्ती म्हणजे उपजीविका. या शब्दात शिकणाऱ्याच्या पोटाची काळजी आहे, आणि या योजनेत पोटाचा प्रश्न कुणी विचारतच नाही. अमेरिकेतली हार्वर्ड, येल, कोलंबिया ही महागडी खासगी विद्यापीठं पदवीच्या मुलांना मार्कांवर शिष्यवृत्ती देत नाहीत, घरची परिस्थिती पाहून मदत देतात.

कोलंबिया म्हटलं की आपल्याला एकच विद्यार्थी आठवतो. 1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, 750 पैकी 282 गुण मिळवून. म्हणजे 37 टक्क्यांच्या थोडं वर. आजच्या कुठल्याही गुणवत्ता यादीने त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं. केळुसकर गुरुजींनी त्यांच्यासाठी सयाजीरावांकडे शब्द टाकला. कॉलेजसाठी महिना 25 रुपये मिळाले, आणि 1913 साली कोलंबियासाठी तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड, परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायच्या करारावर. तिथे माणूस आणि त्याची गरज दोन्ही बघितली गेली.

पण इथेही मी थांबतो. ज्याला केळुसकर भेटले नाहीत, त्याचं काय? मार्कांची परीक्षा निदान ओळखपाळख विचारत नाही. सरकारची आठवीतली एनएमएमएस परीक्षा उत्पन्नाचा दाखला आणि मार्क दोन्ही बघते. मला तीच चाळणी पटते. पण रक्कम वर्षाला 12 हजार. त्यात हॉस्टेलचा एक महिनाही निघणार नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या कॉलेजात शाखेत पहिल्या येणाऱ्याला पुढच्या वर्षाची निम्मी फी माफ असायची. दुसऱ्या वर्षाला मी पहिला आलो. बाबा बँकेत अधिकारी, फीची अडचण नव्हतीच. दुसरा आलेला मुलगा माझ्यापेक्षा 0.12 पॉइंटने मागे होता. तो पूर्व भागातला. आई विड्या वळायची, तो स्वतः रात्री एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहायचा. त्याने एक वर्ष गॅप घेतला. वाचलेल्या पैशांत बाबांनी मला बाइक घेतली, आणि त्याच बाइकवर मी त्याला एकदा सात रस्त्यापर्यंत सोडलं. छान गाडी आहे म्हणाला.

मी कॉपी केली नव्हती, जागून अभ्यास केला होता. जॉन रॉल्सने 1971 सालच्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये म्हटलंय की, कष्ट करायची तयारीसुद्धा माणसाला घरातून, परिस्थितीतून मिळते. मी तितका पुढे जात नाही. जागलो मी होतो. पण मला स्वतंत्र खोली होती, बाराला चहा आणून देणारी आई होती, हेही खरं. आणि मुळात श्रेय कुणाचं, यावर वाद नव्हताच. श्रेयाला एक प्रमाणपत्र पुरलं असतं. शाबासकी आणि फी ही दोन वेगळी खाती होती, कॉलेजने ती एक केली आणि मीही काही बोललो नाही. तेव्हा नकार देता येतो, हेच डोक्यात आलं नव्हतं. आलं असतं तर दिला असता का, हे छातीठोक सांगवत नाही.

बहिणीला सांगितलं, फॉर्म भर, पण शिष्यवृत्ती शून्य धरून कर्जाचा हप्ता काढ. तो झेपत असेल तरच पुण्याचा विचार कर. आणि गेल्या वर्षी मिळालेल्यांपैकी कितीजणांची टिकली, ते ऑफिसात लेखी विचार.

"बरं. तुला मिळाली होती ना रे कॉलेजात? मामा अजून सांगतात सगळ्यांना."

"होय," म्हटलं, "निम्मी."