आराखड्यातील माणूस

ज्याची अडचण त्याच्या उंबऱ्यावर जाऊन ती समजून घ्यावी, तोडगा त्याच्यासह बसून काढावा, आणि तो वापरात आल्यावर जिथे बोचेल तिथे पुन्हा दुरुस्त करावा, या रीतीला आज ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणतात, आणि तिची वंशावळ सांगताना हर्बर्ट सायमन यांच्या १९६९ च्या ग्रंथाचा व स्टॅनफर्ड विद्यापीठाचा उल्लेख अगत्याने होतो; परंतु धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, हा विचार ढिगाऱ्यांतून वाट काढीत आला, आणि मला ती वाट अधिक बोधप्रद वाटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर-किल्लारीच्या पट्ट्यात जी हजारो माणसे गेली, ती बहुतांशी आपल्याच घराखाली गेली. त्या घरांची दोन फुटांहून जाड दगडी भिंत बाहेरून अभेद्य दिसे. वस्तुतः ते दगडांचे दोन स्वतंत्र पदर असत, मध्ये माती आणि चिपा भरलेल्या, आणि दोहोंना सांधणारा आडवा दगड नसल्यामुळे हादऱ्यासरशी पदर फाकले व माळवदाची सारी माती निजलेल्यांवर आली.

सरकारने बावन्न गावे नव्या जागी वसवण्याची तजवीज केली. उघड्यावर पडलेल्या रयतेला निवारा देणे हे पहिले कर्तव्य होते, त्यामुळे त्या घाईला मी दोष देत नाही; पण नकाशावर सरळ रेघांत उमटलेल्या त्या वसाहतींत ढाळज, गोठा, कडब्याची जागा यांचा विचार अपुराच राहिला, कारण तिथे नांदणाऱ्या बाईला मसुदा मंजूर होण्यापूर्वी कोणी पुरेसे विचारलेच नव्हते.

विचार पालटला तो जी घरे तडकूनही उभी होती त्यांच्या दुरुस्तीत. इथे अनुदान हप्त्याने मालकाच्या हाती पडे आणि काम त्यानेच करून घ्यायचे असे. आणि प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने शासनाच्या सहमतीने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमले. भिंतीतला दगड काढून आरपार भोक पाडायचे, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरतात, हे इंजिनिअरांचे ज्ञान या बायकांनी शेजारणींच्या भाषेत ओट्याओट्यावर पोहोचवले, आणि घरच्यांच्या शंका व तक्रारी उलट दिशेने कचेरीपर्यंत नेल्या. ज्याला आपण लाभार्थी म्हणत होतो तो कामाचा जाब विचारू लागला. माझ्या मते खरा पालट हाच.

पुढे अवर्षणाने गांजलेल्या वर्षांत त्याच संस्थेच्या ‘सखी’ म्हटल्या जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा विचार शेतावर नेला. सोयाबीन आणि उसाच्या हिशेबात घरची भाकरी-भाजी हरवली होती; तेव्हा बायकांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतला आणि कमी पाण्यावरची कडधान्ये, तृणधान्ये, पालेभाज्या शेणखतावर पिकवल्या, इतक्या चिकाटीने की २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला मिळाला. त्या एकरात काय पेरायचे ते आता घरची बाई ठरवते. सातबाऱ्यावर मात्र नाव बहुधा नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे असते, आणि तलाठ्याच्या दप्तरातली ती नोंद पालटण्याचे काम अजून व्हायचे आहे.