फुकटची रात्र

फुकट म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला जर्मनीत पडला. मेहुण्याने भाड्याने मोटारघर घेतलं होतं. कॅम्पिंगच्या तळावर मुक्कामाचे पैसे पडतात, म्हणून त्याने एका खेड्याबाहेर गाडी लावली.

"भावोजी, मनाईची पाटी नसली तर इथे चालतं. थकलेल्या ड्रायव्हरनं एक रात्र गाडीत झोपायला कायद्याची हरकत नाही. फक्त खुर्ची बाहेर काढायची नाही. काढली, की झालं कॅम्पिंग!"

म्हणजे माणूस आत घोरला तर विश्रांती, बाहेर बसला तर नियमभंग! शिवाय ड्रायव्हर एकटा मेहुणा. आम्ही नवरा-बायको कशाने थकलो होतो, हे कायद्याने विचारलंच नाही.

मला झोप येईना. बँकेत रुपयाचा फरक सापडेपर्यंत जागचा न उठणारा मी. इथे जमेला अख्खी रात्र आणि नावे शून्य! रस्ता गावाचा, दिवा गावाचा, शांतताही गावाचीच. कायदा काही मागत नव्हता, हे खरं. पण म्हणून देणं नव्हतंच, असं थोडंच?

सकाळी बायकोने कचऱ्याची पिशवी गावच्या पेटीत टाकू दिली नाही. वर बेकरीतून दुप्पट पाव घेतले.

"ताई, एवढ्यात तळाचं भाडं निघालं असतं!"

"असू दे रे. ज्यांच्या दारात झोपलो, त्यांना तोंड तरी दाखवलं."

पाहुणा आणि फुकट्या यांत फरक तो एवढाच असावा.

हिशेब जुळला. पाव मात्र तीन दिवस खात होतो.